सॉफ्टवेअरवाला ऑनलाइन शोधताय? ॲडव्हान्स देण्याआधी एवढं तपासा



व्हिडिओमध्ये मी हा विषय बारा मिनिटांत उरकला, पण बऱ्याच गोष्टी तिथे घाईत गेल्या. म्हणून इथे सगळं नीट, सावकाश लिहितेय. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते.

तारीख १३ ऑक्टोबर २०२२. दिवाळी अकरा दिवसांवर. अंबरनाथला आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. पप्पांनी सुरू केलेलं, बीबीए झाल्यावर मी त्यात उतरले. त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिमाहीचा जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीखही तीच. सकाळी साडेदहाला कॉम्प्युटर चालू केला आणि बिलिंग सॉफ्टवेअर उघडेना. स्क्रीनवर एकच ओळ: लायसन्स संपलं आहे, विक्रेत्याशी संपर्क करा.

विक्रेत्याचा फोन बंद. व्हॉट्सॲपवर एकच टिक. दुपारी भावाला गल्ल्यावर बसवून मी पावतीवरच्या पत्त्यावर गेले, तर तिथे झेरॉक्सचं दुकान. त्या काकांनी असं नावच कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मूळ सॉफ्टवेअर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लागला. त्यांनी सिरियल नंबर विचारला, दोन मिनिटं शोधलं आणि शांतपणे सांगितलं, “मॅडम, हा नंबर आमच्या रेकॉर्डलाच नाही.” म्हणजे पंधरा महिने मी डुप्लिकेट कॉपीवर धंदा करत होते.

‘लाइफटाइम’ म्हणून साडेसहा हजार दिले होते. ते गेले, त्याचं फार वाटलं नाही. पण पंधरा महिन्यांचा स्टॉक, बिलं, उधारी, सगळं त्या बंद डब्यात अडकलं. जीएसटीआर-१ त्या दिवशी गेलाच नाही. आमच्याकडून होलसेलमध्ये माल उचलणाऱ्या दोन दुकानदारांचं इनपुट क्रेडिट लटकलं आणि ते फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. भर सीझनमध्ये हातानं बिलं फाडली. दिवाळीनंतर चार रात्री आम्ही घरची सगळी माणसं एकेक फ्रॉक मोजत बसलो.

उधारी तेवढी वाचली, कारण पप्पा कॉम्प्युटर आल्यावरही आपली लाल वही लिहीत होते. मी त्यांना हसायचे. ते म्हणायचे, “लाइट गेली की तुझा कॉम्प्युटर आंधळा होतो, माझी वही होत नाही.” त्या दिवाळीपासून हसणं बंद.

आता मुद्द्याचं. तो विक्रेता मला सापडला कुठे? एका ऑनलाइन डिरेक्टरीवर. साडेचारच्या वर स्टार, नावापुढे ‘व्हेरिफाइड’ची खूण आणि पत्ता स्टेशनजवळचा. मला वाटलं, अजून काय पाहिजे? पाहिजे होतं, बरंच काही पाहिजे होतं. तेच आज सांगते.

डिरेक्टरीचं पोट कशावर चालतं?

जस्टडायल आणि इंडियामार्ट ही दोन नावं आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहेत. दोन्ही १९९६ सालच्या. जस्टडायल मुंबईत फोनवरची चौकशी सेवा म्हणून सुरू झाली. नंबर फिरवायचा, “अंबरनाथला प्लंबर पाहिजे” म्हणायचं, की ते चार नंबर सांगायचे. वेबसाइट पुढे आली. २०२१ मध्ये रिलायन्स रिटेलने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. इंडियामार्ट नोएडाची. तिथे कारखानदार, होलसेलर आणि ग्राहक एकमेकांना शोधतात.

आपण ग्राहक म्हणून यांना एक रुपया देत नाही. मग पैसा कोण देतं? विक्रेता देतो. यादीत वर दिसायला, चौकशा मिळवायला तो वर्षाचं पॅकेज घेतो. यात काही गैर नाही, हा त्यांचा धंदा आहे. पण अर्थ समजून घ्या. यादीत पहिला आहे म्हणजे तो सगळ्यात चांगला आहे असं नाही. बऱ्याचदा त्याने जास्त पैसे भरलेले असतात, एवढंच.

दुसरी गोष्ट चौकशीची. इंडियामार्टवर तुम्ही “बिलिंग सॉफ्टवेअर पाहिजे” अशी गरज टाकलीत की तिची बायलीड होते आणि ती एकाहून जास्त विक्रेते घेऊ शकतात. म्हणूनच फॉर्म भरून चहा प्यायला बसलात की कप खाली ठेवायच्या आत फोन सुरू होतात. कुणी दिल्लीहून, कुणी इंदूरहून, कुणी “मॅडम, हम ठाणे से बोल रहे हैं” म्हणत. घाबरू नका, पण तयारीत राहा. फॉर्ममध्ये घरचा नंबर देऊ नका, दुकानाचा किंवा दुसऱ्या सिमचा द्या. गिऱ्हाइकीची वेळ टाळून दुपारी फॉर्म भरा. आणि प्रत्येकाला एकच वाक्य: “व्हॉट्सॲपवर कोटेशन, जीएसटी नंबर आणि आमच्या लाइनमधले दोन जुने ग्राहक पाठवा, मग बोलू.” माझा अनुभव सांगते, निम्मे लोक इथेच गळतात.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. इंडियामार्टने २०२२ मध्ये ‘बिझी’ हे अकाउंटिंग सॉफ्टवेअर बनवणारी कंपनीच विकत घेतली. ‘व्यापार’ ॲपच्या कंपनीतही २०१९ पासून तिची गुंतवणूक आहे. दोन्ही सॉफ्टवेअर हजारो दुकानदार वापरतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाजार ज्याचा, त्याचीही बाजारात गाडी लागलेली आहे, हे माहीत असलेलं बरं. शिफारस वाचताना ती कोण करतंय हे बघायचं.

‘व्हेरिफाइड’ म्हणजे काय व्हेरिफाइड?

माझी सगळ्यात मोठी चूक ही. खुणेचा अर्थ मी ‘माणूस चांगला’ असा घेतला. प्रत्यक्षात अशी खूण कागदांबद्दल बोलते, म्हणजे फोन नंबर, पत्ता, नोंदणीचे पुरावे. दिवाळीच्या आधी तो तुमचा फोन उचलेल का, हे कुठलीच खूण सांगत नाही. आणि कागद तपासले ते कधी, तेही महत्त्वाचं. गाळा भाड्याचा असतो, माणूस सहा महिन्यांत सोडून जातो, यादीतला पत्ता तसाच राहतो.

स्टारचंही तसंच. नुसता आकडा बघू नका. गूगलवर रिव्ह्यू ‘सर्वात नवीन’ आणि ‘सर्वात कमी रेटिंग’ असे लावून वाचा. एकाच आठवड्यात वीस जणांनी “व्हेरी गुड सर्व्हिस” लिहिलं आणि मग वर्षभर शांतता असेल तर डोकं खाजवा. खरा रिव्ह्यू ओळखायला सोपा असतो. त्यात काहीतरी बारीक तपशील असतो: “बारकोड प्रिंटर जुळत नव्हता, दोन वेळा येऊन लावून दिला.” असा एक रिव्ह्यू पन्नास “नाइस”पेक्षा भारी.

गूगलवर काय टाकायचं?

आपण सगळे काय टाकतो? “बेस्ट बिलिंग सॉफ्टवेअर नियर मी.” मग वरचे दोन-चार निकाल येतात ते जाहिरातीचे. त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं. जाहिरात वाईट नसते, पण ती जागा विकत घेतलेली आहे हे लक्षात ठेवा.

खाली नकाशा येतो. तिथे कोण वर दिसणार हे गूगल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरवतं: तुमच्या शोधाशी किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती प्रसिद्ध आहे. दुकानाचं नावच “बेस्ट जीएसटी बिलिंग सॉफ्टवेअर अंबरनाथ” असं असेल तर सावध व्हा. पाटीवरचं खरं नाव टाकायचं असा गूगलचाच नियम आहे. नावात असे शब्द कोंबलेले असले की मी तो नंबर मागे ठेवते.

मग शोधायचं कसं? सॉफ्टवेअर नाही, आपला धंदा शोधा.

• उल्हासनगरला जीन्स किंवा रेडीमेड असेल तर “गारमेंट सॉफ्टवेअर साइज कलर बारकोड जॉबवर्क”. कापड बाहेर शिवायला जातं, धुवायला जातं, परत येतं. तो हिशेब साध्या बिलिंगमध्ये बसत नाही.
• अंबरनाथ एमआयडीसीत छोटं युनिट असेल तर “बॅच नंबर”, “डिलिव्हरी चलन”, “प्रॉडक्शन” हे शब्द घाला.
• बदलापूरला मेडिकल असेल तर “एक्सपायरी” आणि “बॅच”. किराणा असेल तर “वजनकाटा जोडणी”, “सुट्टा माल”.

गावाचं नाव टाकताना नुसतं अंबरनाथ किंवा बदलापूर टाकू नका, कल्याण, डोंबिवली आणि ठाणेही टाका. डिरेक्टरीचं पान ‘अंबरनाथ’ नावाचं असलं तरी यादीत माणसं कल्याण-ठाण्याचीच निघतात. त्यात वाईट काही नाही. कल्याणचा माणूस लोकलने चार स्टेशनं पार करून बदलापूरला येऊ शकतो. फक्त विचारून घ्या: “प्रॉब्लेम आला तर प्रत्यक्ष येणार कोण, आणि किती तासांत?”

आणखी एक युक्ती. विक्रेत्याचा मोबाइल नंबर अवतरणचिन्हांत टाकून गूगल करा. मी हे दिवाळीनंतर केलं. तोच नंबर तीन वेगवेगळ्या नावांनी तीन यादीत होता, एका ठिकाणी तर सीसीटीव्ही बसवणारा म्हणून. दोन मिनिटांचं काम होतं, मी पंधरा महिने उशिरा केलं.

जीएसटी नंबर बोलतो, ऐकायला शिका

हा भाग नीट वाचा, फुकट आहे आणि सगळ्यात कामाचा आहे.

जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’ आहे. लॉगिन लागत नाही. नंबर टाकला की कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. रिटर्न भरलेत की नाही तेही बघता येतं. जो माणूस तुम्हाला जीएसटीचं सॉफ्टवेअर विकतोय, त्याचेच सहा महिन्यांचे रिटर्न थकलेले असतील तर काय समजायचं ते समजा.

नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आता सहावं अक्षर बघा. ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘एफ’ असेल तर फर्म, ‘सी’ असेल तर कंपनी. व्हिजिटिंग कार्डवर “प्रायव्हेट लिमिटेड” आणि नंबरात सहावं अक्षर ‘पी’? सरळ विचारा. खरी कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवरही तिची नोंद असते.

जीएसटी नंबर नाही म्हणजे तो फसवाच आहे असं नाही हं. सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. बदलापूरला घरून काम करणारी हुशार मुलं आहेत, त्यांचा नंबर नसू शकतो. पण मग त्यांना बिलात जीएसटी लावताही येत नाही. नंबर नाही आणि वर १८ टक्के मागतोय, तर तिथेच नमस्कार करा.

आणि “बिलाशिवाय घ्या, स्वस्त पडेल” याला भुलू नका. समजा सॉफ्टवेअर दहा हजारांचं, वर अठराशे जीएसटी. तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये असाल तर ते अठराशे इनपुट क्रेडिटमध्ये वळते होतात. कंपोझिशनवाल्यांना ते मिळत नाही, पण बिल त्यांनाही हवंच, कारण उद्या भांडायचं झालं तर हातात तोच कागद असतो. माझ्या हातात काय होतं? ‘कोटेशन’ लिहिलेला एक छापील कागद. मी त्याला बिल समजत होते!

मूळ कंपनीला विचारा

टॅलीसारख्या मोठ्या कंपन्यांच्या साइटवर त्यांच्या अधिकृत पार्टनरची यादी असते. डिरेक्टरीत नाव सापडलं की ते तिथे ताडून बघा. नसेल तर कंपनीला फोन करा. मी हा फोन सॉफ्टवेअर बंद पडल्यावर केला, तुम्ही घेण्याआधी करा.

लायसन्स कुणाच्या ई-मेलवर नोंदवलं जातंय हेही बघा. ते तुमच्याच ई-मेलवर, तुमच्याच नावावर पाहिजे. विक्रेत्याच्या ई-मेलवर असेल तर चावी त्याच्या खिशात आणि कुलूप तुमच्या दुकानाला. लायसन्स तुमचं असलं की विक्रेता पटला नाही तर दुसरा धरता येतो.

डेमो आपल्या मालावर घ्या

विक्रेता डेमो दाखवतो त्यात ‘आयटम वन’, ‘आयटम टू’ असतं आणि सगळं छान चालतं. तसा डेमो घेऊ नका. आपल्या दुकानातले दहा खरे आयटम द्या. आम्हा कपडेवाल्यांसाठी माझी ठरलेली परीक्षा अशी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तयार कपड्यात एका नगाची किंमत अडीच हजारांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली तर १८ टक्के. मग डेमोत तीन बिलं करायला लावा. एक, कर सोडून २,४०० चा ड्रेस. दोन, २,६०० चा. तीन, २,७०० चा, त्यावर बिलातच १० टक्के सूट, म्हणजे २,४३०. तिसऱ्या बिलात सॉफ्टवेअरने आपोआप ५ टक्के धरले पाहिजेत. १८ धरले आणि विक्रेता म्हणाला, “हाताने बदलायचं मॅडम,” तर विचार करा, दिवाळीच्या गर्दीत प्रत्येक बिलाला कोण हाताने बदलणार?

याशिवाय पाच गोष्टी करून दाखवायला सांगा: माल परत आला तर बिल, अर्धे रोख अर्धे यूपीआय, उधारीची यादी, जीएसटीआर-१ ची फाइल आणि बॅकअप. नेट गेलं तर बिल निघतं का, तेही नेट बंद करून बघा.

बॅकअपबद्दल जरा जास्त बोलते. पेन ड्राइव्हवर घेऊन तो गल्ल्यातच ठेवणं म्हणजे बॅकअप नाही. आपल्या भागाला हे सांगायला नको. २६ जुलै २००५ ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती. दुकानात पाणी शिरलं की कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही एकत्रच जाणार. एक कॉपी घरी, एक ऑनलाइन. आणि विक्रेत्याला विचारा, “मी उद्या तुमचं सॉफ्टवेअर सोडलं तर माझा डेटा एक्सेलमध्ये मिळेल का?” उत्तर लेखी घ्या.

फोनवरून कॉम्प्युटर देताना

सपोर्टसाठी विक्रेते एनीडेस्कसारखं ॲप वापरतात. ते सोयीचं आहे. पण फोन तुम्ही केलेला असला पाहिजे. समोरून कुणी “कंपनीतून बोलतोय, लायसन्स रिन्यू करायचंय, कोड सांगा” म्हणाला तर फोन ठेवा. कोड देण्याआधी बँकेची पानं बंद करा, काम होईपर्यंत समोर बसा, झालं की ॲप बंद. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही, कितीही गोड बोलला तरी. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकतात.

कॅम्प ५ च्या भाऊंचं काय झालं

मागच्या बॅचमध्ये उल्हासनगर कॅम्प ५ चे एक भाऊ होते, जीन्सचं काम करणारे. त्यांनी दुपारी तीनला फॉर्म टाकला, संध्याकाळपर्यंत नऊ फोन. सगळ्यांना तेच वाक्य सांगितलं. पाच जणांनी काहीच पाठवलं नाही. एकाची नोंदणी पोर्टलवर रद्द दिसली. राहिले तीन. तिघांना दुकानात बोलावलं, जॉबवर्कची खरी चलनं पुढे ठेवली. एकाचं सॉफ्टवेअर तिथेच अडकलं. उरलेल्या दोघांतला जो महाग होता, कल्याणचा, तो त्यांनी घेतला. मी विचारलं, महाग का? ते हसून म्हणाले, “ताई, मैंने उसके दो पुराने कस्टमर को फोन किया। दोनों ने बोला, आदमी थोड़ा टेढ़ा है, पर फोन उठाता है।”

मला वाटतं, विक्रेत्याला याहून चांगलं सर्टिफिकेट नाही.

डिरेक्टरी वापरू नका असं माझं म्हणणं नाही. मी आजही वापरते, माझा आत्ताचा विक्रेताही तिथूनच मिळाला. डिरेक्टरी नाव देते. पारख आपण करायची. आणि यादी उघडण्याआधी शेजारच्या दोन दुकानदारांना आणि आपल्या सीएला विचारायचं, ते तर नेटच्या आधीपासून चालत आलेलं सर्च इंजिन आहे.

या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. नवीन काही घ्यायचं नसलं तरी आज जे सॉफ्टवेअर वापरताय त्याचं बिल शोधा. त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाका. लायसन्स कुणाच्या ई-मेलवर आहे ते बघा. बॅकअप शेवटचा कधी घेतला ती तारीख बघा. चारातलं एक जरी सापडलं नाही तरी दिवाळीची वाट बघू नका, उद्याच कामाला लागा.

पप्पा अजूनही लाल वही लिहितात. रोज रात्री मी कॉम्प्युटरवरची उधारी वाचते, ते वहीत बोट ठेवून “बरोबर” म्हणतात. मग बॅकअप, मग शटर खाली.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण तपासून करा!